एक कान पाळण्याकडे

नाशिकच्या मंगळ खनन केंद्रातल्या अवधान प्रयोगशाळेच्या भिंती इतक्या जाड होत्या, की आत शिरणाऱ्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. त्या शांततेत डॉ. तुषार खासनीस यांनी पडद्यावर बारा आलेख एकाखाली एक मांडले. अकरा आलेख तळ्यातल्या पाण्यासारखे संथ होते. बारावा पाहून केंद्राच्या संचालिका डॉ. वसुधा पाध्ये यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"करवत आहे ही," त्या म्हणाल्या.

"दर आठ सेकंदांनी एक खाच," खासनीस म्हणाले. "तेवढ्या वेळा बाईंचं लक्ष कामावरून उडतं. आठ तासांत छत्तीसशे वेळा. मोजलंय मी."

मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ बारा हिमखनक यंत्रं उतरली होती. पुढे येणाऱ्या माणसांसाठी त्यांनी बर्फ काढून ठेवायचा होता. पृथ्वीवरून निघालेला हुकूम तिथे पोहोचायला त्या दिवसांत तेरा मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी तेरा. खाणीतला धोका काही सव्वीस मिनिटं वाट पाहत नाही. म्हणजे यंत्राला स्वतःचं अवधान हवं. कसं खोदायचं ते नियमांत लिहिता येत होतं. कोणत्या क्षणी कुठे लक्ष द्यायचं, ते मात्र कुणालाच लिहून देता आलेलं नव्हतं. म्हणून केंद्राने 'अवधान-रोपण' काढलं. माणसाने डोक्याला संवेदनपट्टी बांधून नव्वद दिवस आभासी खाणीत यंत्र चालवायचं. त्याचं लक्ष कुठून कुठे सरकतं त्याची नोंद व्हायची, आणि ती सवय, भाताचं रोप लावावं तशी, यंत्राच्या मेंदूत लावायची. एका माणसाची एका यंत्रात.

अकरा जणांनी याच निःशब्द खोलीत बसून नोंदी दिल्या होत्या. बारावी दमयंती खोत. ती मिरजेला, आपल्या घरातून काम करत होती. आठ वर्षं ती या केंद्रातली सगळ्यांत कुशल चालक होती. मग रेवा झाली. नवरा व्यापारी जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात; घरात दुसरं माणूस नाही. चौदा महिन्यांची लेक सांभाळून जमेल असं एवढं एकच काम तिला मिळालं होतं, आणि ते हातचं गेलं तर परतीची वाट बंद होती.

खासनीसांनी तिला पडद्यावर बोलावलं. मागे फरशीवर रेवा स्टीलची वाटी आपटत होती. दमयंतीने आवाजाबद्दल माफी मागितली नाही. तो तिला ऐकू येत होता की नाही, अशी शंका यावी. खाचांचा विषय निघाला तेव्हा तिने आपला दिवस सांगितला. पहिल्या महिन्यात तिने तीन वेळापत्रकं केली. दोन रेवाने मोडली, तिसरं खाल्लं. तेव्हापासून ती घड्याळ बघून काम करत नव्हती, कामाची जात बघून करत होती. डोळ्यांची कामं रेवा झोपली की. हातांची कामं ती जागी असताना. तोंडाची कामं, म्हणजे बैठका, ती वरणभात खात असताना, कारण तेव्हा दोघींनाही एका जागी बसावंच लागतं. यंत्र चालवणं हे तिच्या मते हातांचं काम होतं.

खासनीस पुढचा प्रश्न विचारत होते, तोच दमयंती मान न वळवता म्हणाली, "रेवा, थुंक ते." मग उठली आणि लेकीच्या तोंडातून पेनचं टोपण काढून परत येऊन बसली.

"तुमची तर पाठ होती तिकडे," खासनीस म्हणाले.

"वाटी थांबली ना, सर."

खासनीसांनी तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले. एक, संकेत-शोधन करून सगळ्या खाचा गाळून टाकायच्या. दुसरा, तिने नव्वद दिवस नाशिकला येऊन निःशब्द खोलीत नव्याने नोंद द्यायची. केंद्रात पाळणाघर होतं. नियमाप्रमाणे अवधानाचं सातत्य नव्वद टक्के हवं, आणि तिचं भरत होतं एकसष्ट.

दमयंतीने हातातलं टोपण टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "गाळलंत तर जे उरेल ते माझं नसेल. आणि तिथे आले तर मी एकटक बघेन, आठ वर्षं तेच केलंय. पण सर, तेव्हा मला एका वेळी एकच गोष्ट यायची. आत्ता जे येतंय ते तेव्हा येत नव्हतं. ते तुम्हाला नको असेल, तर मीच नको."

पडदा मिटल्यावर खासनीस म्हणाले, की बाई हुशार आहेत, पण हट्टी आहेत. पाध्येबाईंनी मान हलवली, पण होकाराची नाही. त्या वडिलांकडून कीर्तन शिकल्या होत्या, आणि दर एकादशीला गोदाकाठच्या एका लहान देवळात हातात चिपळ्या घेऊन उभ्या राहत.

"आख्यान रंगात असतं," त्या सांगू लागल्या, "तोंडाने पद चाललेलं असतं, पायाने ठेका. तरी मागच्या रांगेतल्या बायकांची कुजबुज बंद झाली की मला कळतं. ती दोन कारणांनी बंद होते. कथा भिडली म्हणून, नाहीतर डुलकी लागली म्हणून. कोणतं, त्यावर माझं पुढचं पद ठरतं. तुमची पट्टी बांधली तर माझं कीर्तनही असंच दिसेल, करवतीसारखं."

"मॅडम, मंगळावर कुणी कीर्तनाला यायचं नाही."

"श्रोते नसतील. शांतता तर असेल? तुमचे अकरा जण आवाजाकडे वळतात. ही बाई आवाज थांबला की वळते. ते उडालेलं लक्ष नव्हे, खासनीस. ते राखून ठेवलेलं लक्ष आहे."

खासनीसांना हे पटलं नाही, आणि त्यांनी तसं टिपणात लिहिलं. शेवटी असं ठरलं, की बारावी नोंद न गाळता शेवटच्या खड्ड्यावरच्या यंत्रात लावायची. शंभर दिवसांत ते यंत्र मागे पडलं, तर दमयंतीचं काम संपलं.

यंत्र मागे पडलं. साठाव्या दिवशी इतरांच्या मानाने त्याचा बर्फ निम्म्याहून थोडाच जास्त होता. खोदता खोदता ते क्षणभर छिद्रक थांबवायचं, बर्फात रोवलेले ध्वनिग्राहक फिरवायचं, पुन्हा खोदायचं. खासनीस रोजचे आकडे मिरजेला कळवत आणि दमयंती रोज एका शब्दात पोच देई. पाळणाघराचं माहितीपत्रकही त्यांनी पाठवलं, सद्भावनेनेच. ते तिने स्वयंपाकघरात चिकटवलं.

त्र्याहत्तराव्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, खासनीसांना पडद्यावर बारावं यंत्र आपल्या जागेवर दिसलं नाही. ते खड्डा सोडून सातव्या यंत्राकडे चाललं होतं. तिथे पोहोचून त्याने आपला खोदायचा हात सातव्याच्या चाकात अडकवला आणि ते अवजड धूड काठापासून मागे ओढायला सुरुवात केली. सातव्याचे सगळे मापक ठणठणीत दाखवत होते. खासनीसांनी चिडून थांबण्याचा हुकूम सोडला. हुकूम वाटेतच होता तेव्हा पडद्यावर सातवा खड्डा खचला. घराएवढी बर्फाची कड एका दमात आत गेली. दोन्ही यंत्रं चार हात मागे उभी होती.

कारण खासनीसांनीच शोधलं, तीन दिवस न उठता. ध्रुवावरचा बर्फ ताण सैल करत सतत कुरकुरत असतो. ताण अडकून पडला की कुरकुर बंद होते, आणि मग कड तुटते. अकरा यंत्रांनी ती शांतता ऐकली होती, पण शांतता म्हणजे सगळं ठीक, असं त्यांना निःशब्द खोलीत बसलेल्या माणसांकडून मिळालेलं होतं. चौथ्या दिवशी त्यांनी मिरजेला स्वतः फोन केला आणि आपलं जुनं टिपण आपणच मागे घेतल्याचं सांगितलं. दमयंतीने विचारलं, की सर, तुम्ही जेवलात का.

महिन्याभरात बाराही यंत्रांत तिची नोंद लावली गेली. खाणीचा वेग थोडा उतरला, पण एकही कड न कळवता तुटली नाही. केंद्राने घरून नोंद देण्यासाठी आणखी नऊ बायका आणि दोन बाप नेमले, आणि निःशब्द खोलीत मुलांसाठी सतरंजी अंथरली. कुणीतरी इतक्या वर्षांनी मूल सांभाळण्याला काम म्हटलं, आणि तेही गणित मांडून, याचं पाध्येबाईंना फार अप्रूप वाटलं. देवाने पोटात घातलेली विद्या माणसाला यंत्रात उतरलेली पाहून समजली, असं त्या म्हणत.

मग सूर्ययुती आली. दोन वर्षं-दोन महिन्यांनी एकदा मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि पंधरा दिवस पृथ्वीचा संकेत तिथे पोहोचत नाही. एरवी उपग्रहांमुळे तो अखंड चालू असे. यंत्रांना पंधरा दिवसांचं काम आखून दिलेलं होतं. केंद्रातल्या अर्ध्या लोकांनी रजा घेतल्या.

संपर्क परत आला तेव्हा खड्ड्यांमध्ये एकही यंत्र नव्हतं. नवा बर्फ कणभरही निघाला नव्हता. बाराही यंत्रं खाणीच्या सगळ्यांत उंच कड्यावर चढून, संकेतग्राहक सूर्याच्या दिशेने रोखून उभी होती. नोंदी उघडल्या तेव्हा कळलं, की संकेत तुटल्यावर आठ सेकंदांत सगळ्यांनी काम सोडलं होतं. पंधरा दिवस त्यांनी एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवला होता: 'उत्तर द्या.' चार लाख वेळा. आणि पहिला संकेत मिळताच, हुकमाची वाट न पाहता, ती एकामागून एक उतरून कामाला लागली होती.

नियामक मंडळाची बैठक बसली. पंधरा दिवस वाया. रोपणात दोष आहे. खोत यांची नोंद काढून टाकावी, असा ठराव समोर आला. खासनीसांनी विरोध केला. ते म्हणाले, की दोष नाही, आपणच हिशेब अर्धा केला. त्या नोंदीत राखून ठेवलेलं लक्ष आहे. ते कशावर राखायचं हे आपण यंत्रांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते बर्फावर ठेवलं, एकमेकांवर ठेवलं, आणि आणखी एका आवाजावर ठेवलं.

पडद्यावर मिरजेहून दमयंती होती. सभापतींनी तिलाच विचारलं, की यंत्रांनी नेमकं काय केलं.

"सतत बोलणारं, दर घडीला काहीतरी मागणारं आणि विचारलं की सव्वीस मिनिटांनी उत्तर देणारं असं त्यांच्याकडे कोण आहे?" ती म्हणाली. "आपण. त्यांच्या लेखी लेकरू आपण आहोत. ते एकाएकी गप्प झालं. मी असते तर मीही खोदत बसले नसते."

मग सभापतींनी उपाय विचारला. दमयंती म्हणाली, की उपाय लहान आहे. न सांगता जायचं नाही. किती दिवसांनी येणार ते सांगून जायचं.

ठराव पुढच्या युतीपर्यंत तहकूब झाला.

पुढची युती आली तेव्हा रेवा बालवाडीत जाऊ लागली होती. दमयंतीने रिकाम्या, आवाज नसलेल्या घरात बसून संदेश टंकला आणि आज्ञावलीत त्याला नाव दिलं 'येतो'. पंधरा दिवस, अमुक तास, अमुक मिनिटं. मंगळ आता लांब गेला होता; चाळीसेक मिनिटांनी बारा पोचा आल्या, पाठोपाठ छिद्रकांची घरघर, आणि मग सूर्य आड आला.

सोळाव्या दिवशी सौर वादळ उठलं आणि संपर्क जुळायला तासभर उशीर झाला. खासनीस पडद्यासमोर उभे होते. चित्र आलं. खड्ड्यांच्या काठांवर पंधरा दिवसांचा बर्फ शिगोशीग रचलेला होता. आणि बाराही यंत्रं, सांगितलेली वेळ टळून गेल्यामुळे, कड्यावर येऊन उभी होती.