नदीपलीकडचा आर्शाक

"तुमच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं माझ्या बुटात पडतायत."

फरंगीस दचकली. चष्म्यांच्या दुकानातून सुटली, की ती रोज चहारबागेत चिनारांखालच्या बाकावर बिया सोलत बसायची. शेजारी कुणीतरी बूट काढून पायांना आराम देत बसलाय, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"बूट पायात घालायचे असतात," ती म्हणाली.

"आणि टरफलं?"

तिनं हसू ओठांत दाबलं. बियांची पुडी त्याच्यापुढे धरली. "घ्या. पण थोड्याच."

"हात आखडता. अस्सल इस्फहानच्या आहात," तो म्हणाला आणि मूठभर उचलल्या.

घरोघरी जाऊन तो पियानो सुरात लावायचा. नाव आर्शाक. नाव ऐकून ती जराशी थबकली... म्हणजे नदीपलीकडच्या जुल्फा वस्तीतला. आर्मेनियन, ख्रिस्ती.

"नावाला घाबरलात?"

"छे. नाव छान आहे. फक्त — घरी सांगण्यासारखं नाही."

"मग नका सांगू."

तिनं खरंच नाही सांगितलं. चिनारांची पानं पिवळी होऊन गळाली, फांद्या उघड्या पडल्या, तरी ती दोघं पुलापर्यंत रमतगमत जात. तिथून तो पलीकडे, ती मागे. एका भुरभुरत्या पावसात त्यानं आपला कोट तिच्या डोक्यावर धरला.

"भिजलास ना."

"पियानो भिजला तर वाईट. मी काय, वाळतो."

अखेर बाबांच्या कानावर गेलंच. आईविना तिला वाढवलेले बाबा काही दिवस एकटेच जेवले. मग म्हणाले, "त्यानं इस्लाम धर्म घेतला, तर माझी ना नाही."

आर्शाक लगेच म्हणाला, "घेतो." इतक्या सहज, की फरंगीसला रडू आलं.

त्याच्या आईला भेटायचंच, असा हट्ट तिनंच धरला. सिरानूशबाईंनी कॉफी केली, जर्दाळूचा मुरंबा पुढे ठेवला. आर्शाक पाव आणायला बाहेर पडला, तेव्हा फरंगीसनं हळूच विचारलं, "माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर कशाला, पोरी? गोड आहेस तू." बाई कपाकडे बघत राहिल्या. "त्याचे बाबा गेले, तेव्हा कबरस्तानात त्यांच्या शेजारच्या दोन जागा धरून ठेवल्या होत्या. एक माझी, एक त्याची. धर्म बदलला, की त्याला आमच्यात पुरू देणार नाहीत. तेवढंच मनात येतं बघ... त्याला नको सांगूस. तो माझं ऐकेल, आणि मग आयुष्यभर कुढत बसेल."

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर बसताच ती म्हणाली, "लग्न नको, आर्शाक."

"आई काही बोलली?"

"चांगलं बोलली. फारच चांगलं."

"मग दुसऱ्या देशात जाऊ. धर्म न बदलता, आहोत तसेच राहू."

"आणि बाबांना कुणाच्या जिवावर सोडू? तू तुझ्या आईला सोडशील?"

त्यानं वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तुझं माझ्यावर प्रेम नाही, असं म्हण. मला सोपं जाईल."

"ते नाही म्हणता येणार..." ती म्हणाली. "आहे. खूप आहे. आजवर बोलले नाही, इतकंच."

तेवढ्यात रस्त्यावर एकच गलबला उठला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. कित्येक महिने कोरडी पडलेली नदी येत होती. माणसं पुलाकडे धावत सुटली. "चल," आर्शाक म्हणाला, आणि तीही गेली.

कमानींखालून मातकट पाणी पुढे सरकत होतं. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. एक म्हातारी मिठाईचा डबा घेऊन गर्दीत फिरत होती.

"तोंड गोड करा रे. लग्न ठरलंय वाटतं? जोडा शोभतोय."

फरंगीसनं मान खाली घातली. "आभारी आहे, आजी," आर्शाक म्हणाला, आणि दोघांसाठी मिठाई घेतली.

मिठाई संपेपर्यंत दोघं कठड्याशी उभी होती. मग तो पूल ओलांडून गेला. वळून बघितलं असतं, तर ती धावली असती. ते त्यालाही ठाऊक असावं.

घरी बाबा जेवायचे थांबले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"मी एवढं ताणायला नको होतं," ते पुटपुटले.

"तुमच्यामुळे नाही, बाबा. जेवा तुम्ही."

तिनं रोटीचा तुकडा मोडला. तो आधी बाबांच्या ताटात ठेवला.