जीपची बरकत

"सकाळी चालत होती. मीच तिच्यातून विहिरीवरचं पाणी आणलं," सोलोंगो म्हणाली. तिचं डोकं आणि दोन्ही हात जीपच्या बॉनेटखाली होते.

"मग दुपारी काय झालं? रुसली?" बिल्गूनने विचारलं. हा तिचा मामेभाऊ. सुट्टीत उलानबातरहून आला होता आणि आल्यापासून मिळेल त्या गोष्टीवर मत देत होता.

सोलोंगोला हसू आलं नाही. हिवाळ्यातल्या बर्फाने आजोबांच्या जवळजवळ सगळ्या मेंढ्या मारल्या होत्या. उरली होती ही जुनी खटारा रशियन जीप. तिच्या बदल्यात लुव्सान नावाचा माणूस चाळीस मेंढ्या देणार होता. मेंढ्या आल्या तर घर या माळावरच राहणार, नाही आल्या तर गेर, म्हणजे राहता तंबू, गुंडाळून शहराच्या कडेला जायचं, असं आईने स्पष्ट सांगितलं होतं.

आजोबांना दिसेनासं झाल्यापासून दोन वर्षं जीपची दुरुस्ती सोलोंगोच करत होती. आजोबा शेजारी बसून इंजिन ऐकत, कुठे काय बिघडलंय ते सांगत, आणि ती पाना फिरवी. जीप जाऊ नये असं तिला फार वाटत होतं. ती गेली नाही तर काय होईल, तेही तिला कळत होतं. म्हणून तर रडताही येत नव्हतं.

लुव्सानने टायरला लाथ मारली. "बाबा, इंजिन बसलंय. दहा मेंढ्या घ्या, भंगार म्हणून नेतो." त्याने बॉनेटखाली डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

"दहाला देत नाही. चहा घ्या आणि जा," आजोबा म्हणाले. दोघे गेरमध्ये गेले. बाहेर लुव्सानच्या मुलाच्या ट्रकमध्ये चाळीस मेंढ्या ओरडत होत्या.

"चहा संपेपर्यंत वेळ आहे," सोलोंगो म्हणाली. पेट्रोल येत होतं, बॅटरी ठीक होती, पण ठिणगी पडत नव्हती. तिने ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. आत रोटर, म्हणजे ठिणगी फिरवणारा बोटभर तुकडा, असायला हवा होता, तो नव्हता. "हा आपोआप पडत नाही. कुणीतरी काढलाय."

"लुव्सानच तो. भाव पाडायला."

"तो यायच्या आधीच बंद पडली होती रे शहाण्या."

बिल्गून झाकणावर वाकला. काळ्या तेलकट झाकणावर पांढरा चुरा चिकटला होता. त्याने बोटाने उचलून चक्क चाखला. "आरूल," तो तोंड वाकडं करत म्हणाला. वाळवलेलं आंबट दही दिवसभर चघळणारा या घरात एकच होता.

सोलोंगोचा आठ वर्षांचा भाऊ दोल्गोन पाण्याच्या पिंपामागे बसला होता. त्याचा एक गाल फुगलेला होता आणि मूठ घट्ट मिटलेली.

"मी चोरला नाही, ताई. बरकत ठेवली," तो म्हणाला. "घोडा विकला तेव्हा आजोबांनी त्याच्या आयाळीचे केस काढून ठेवले ना? घोडा गेला तरी बरकत घरात राहते म्हणाले. जीपला आयाळ कुठाय? आजोबा बाजारात जीप लावली की हेच काढून खिशात ठेवायचे. म्हणजे हेच तिचं सगळ्यात मोलाचं."

"अरे येड्या, ते चोरांच्या भीतीने," बिल्गून हसला. मग हळूच म्हणाला, "सोलोंगो, तूच ठेव तो. लुव्सान निघून जाईल. जीप तुझीच राहील."

दोल्गोनने दिलेला रोटर तिच्या तळहातावर होता. गेरमध्ये आई, शहरात जावं लागलंच तर म्हणून, पेट्या रिकाम्या करून पुसत होती, त्याचा आवाज येत होता. शहराच्या कडेला आजोबा दिवसभर काय ऐकत बसतील, असं तिच्या मनात आलं. तिने रोटर बाहीला पुसला आणि जागेवर बसवला.

पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. लुव्सान हातात वाटी घेऊनच बाहेर धावला.

"काका, भंगार बोलायला लागलं बघा," बिल्गून म्हणाला. "आता किती मेंढ्या?"

लुव्सानने मान खाजवली आणि मुलाला ट्रकचं फळकं पाडायला सांगितलं. आजोबांनी चाचपडत फाटक्या सीटच्या भरावातून घोड्याच्या केसांची चिमूट ओढली आणि दोल्गोनला दिली. "ही घे जीपची आयाळ."

"तिसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबा," सोलोंगो खिडकीपाशी उभी राहून सांगत होती. "चढावर तापली तर थांबा. तिला दामटू नका, काका."

"पोरगी हुशार आहे हो," लुव्सान म्हणाला आणि निघाला. वाट सुखाची व्हावी म्हणून आईने पळीने जीपच्या मागे दूध शिंपडलं, मग सोलोंगोला जवळ ओढून मायेने तिचं कपाळ हुंगलं. जीप टेकाडामागे गेली. आजोबा मात्र कान तिकडे करून आवाज पार विरेपर्यंत उभे होते.

दोन वर्षांत सोलोंगोने काहीही दुरुस्त केलं तरी आजोबा फक्त "पुन्हा बघ" म्हणत आले होते. एकदा तरी त्यांनी कौतुक करावं म्हणून तिने हात सोलून घेतले होते. आज ते वळले आणि म्हणाले, "कुठेही खडखड नाही. शाब्बास, पोरी."

सोलोंगो हमसून हमसून रडायला लागली. आज तिला ते "पुन्हा बघ"च हवं होतं.