भाषणाआधी गेलेलं कुलूप

"ताई, गेलं! संपलं सगळं!"

सभागृहामागच्या खोलीत भाऊ उघड्या बॅगेसमोर डोकं धरून बसला होता. त्याचं भाषण ऐकायला आलेली मोठी बहीण, निवृत्त शिक्षिका, धावत आत शिरली. मागोमाग भावाची लेक आली. बापाचे सगळे कार्यक्रम तीच ठरवायची.

"बाबा, चिडू नका. कुलुपाशिवाय बोला ना आज."

"कुलुपाशिवाय काय बोलू? कपाळ?"

भाऊ एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. नोकरी सोडून तो सल्लागार झाला, मग वक्ता. भाषणाच्या शेवटी तो एक जुनं कुलूप उंच धरायचा. "कारखाना बंद करायची वेळ आली, तेव्हा कामगारांच्या नजरेला नजर देऊन हे मी स्वतः लावलं!" सभागृह चिडीचूप व्हायचं. हल्ली मात्र बोलावणी आटली होती. आजच्या कंपनीने वर्षभराचं काम दिलं नाही, तर त्याला कचेरी बंद करावी लागणार होती.

"बॅग फोडली का?" ताईने विचारलं.

"नाही. आकडे जुळवून उघडली."

"आकडे कुणाला ठाऊक?"

"घरच्यांना. पण माइकवाल्याने चोरून पाहिले असतील! तोच आला होता इथे."

माइकवाला दारातच उभा होता. "साहेब, कुलूप नेऊन काय करू? माझ्या घराला दारच धड नाही."

"आणखी काय गेलं?"

"घड्याळ, पाकीट, सगळं जागच्या जागी आहे. चोर आहे की गाढव?" भावाने बॅगेवर हात आपटला.

ताई भाचीकडे वळली. "तू कुठे होतीस गं?"

"चहा घेत होते, आत्या. या कंपनीच्या व्यवस्थापकांबरोबर."

"तो होय!" भाऊ म्हणाला. "कारखाना बंद झाला तेव्हा माझ्या हाताखाली होता. आज माझी ओळख तोच करून देणार आहे."

ताईने माइकवाल्याला बाहेर पाठवलं, दार लावलं आणि शांतपणे हात पुढे केला.

"दे बाळ."

भाचीने मान खाली घातली. पर्समधून कुलूप निघालं.

"तू?" भाऊ ताडकन उठला.

"अरे, तू नुसता 'गेलं' म्हणून ओरडत होतास," ताई म्हणाली. "काय गेलं ते मलाही कळलं नव्हतं. हिने मात्र आत येताच कुलुपाचं नाव घेतलं. आकडे हिला ठाऊक. पाकिटाला हात लावला नाही, म्हणजे हाव नाही. मग वस्तू का लपवायची? वर्गात मुलं लपवायची, ती बहुतेक कुणाला तरी वाचवायला. चहा घेताना व्यवस्थापक काय म्हणाला गं?"

"कारखाना बंद झाला त्या दिवशी बाबा तिथे नव्हतेच. कुलूप या व्यवस्थापकांनी लावलं. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. हसत हसत सांगत होते, आत्या. बाबांनी त्यांच्यासमोर ती गोष्ट सांगितली असती तर…"

"मी खोटारडा नाही!" भाऊ उसळला. मग खुर्चीत बसला. "आधी म्हणायचो, कुलूप लावलं गेलं. मग आम्ही लावलं. टाळ्या वाढत गेल्या. शेवटी मलाच वाटायला लागलं, की मीच…"

"काम गेलं तर जाऊ दे, बाबा. तुमचं हसू व्हायला नको."

बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला. भाऊ कुलूप घेऊन मंचावर गेला. व्यवस्थापक ओळख करून देत होता. भावाने त्याला मध्येच थांबवलं आणि कुलूप त्याच्या हातात ठेवलं.

"हे यांनी लावलं होतं. मी तिथे जायला घाबरलो होतो. त्या दिवशी काय झालं, ते आधी यांच्याकडून ऐका."

आणि तो मंचावरून उतरून पहिल्या रांगेत जाऊन बसला.