पन्नाशीआधी नगारखडक

घनश्यामला या चढाईतून मिळणार काय होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. धन नाही, जमीन नाही. मिळणार होती ती साळ्यापासून सुटका.

साळा म्हणजे बायकोचा, रुखमिणीचा, भाऊ भुपेंद्र. दोघं एकाच शाळेतले. शाळेची सहल सोनझरी डोंगरावर गेली, तेव्हा भुपेंद्र माथ्यावर पोचून नगारखडक वाजवून आला, आणि घनश्याम अर्ध्या वाटेवरून पोट धरून परत फिरला. पुढे घनश्याम त्याच्याच घरचा जावई झाला, आणि मग ही हकीकत दर दिवाळीला फराळासोबत वाढली जाऊ लागली. नगारखडक म्हणजे दोन धोंड्यांवर टेकलेला एक लांबट काळा पत्थर. दगडाने ठोकला की नगाऱ्यासारखा घुमतो आणि खाली पिपरटोल्यापर्यंत ऐकू येतो.

पन्नाशी जवळ आली तशी घनश्यामने कॅलेंडरच्या पाठीवर एक यादी केली. पन्नास लागायच्या आत उरकायच्या गोष्टी. तंबाखूचा खर्रा सोडणं: सोडला, म्हणजे दुकानात सोडला. तलावात पोहायला शिकणं: शिकला, म्हणजे बुडायचा थांबला. चुलतभावाशी बोलणं: बोलला, फोनवर, भाऊ गाडी चालवत असताना. अशा रीतीने बऱ्याच ओळींवर बरोबरच्या खुणा पडल्या होत्या. उरल्या होत्या दोनच. नगारखडक आणि समुद्र. समुद्राची तिकिटं काढली होती. हनुमान जयंती झाली की सगळं घर कोकणात जाणार, आणि वाढदिवस वाळूवर होणार.

आता घनश्यामचा धंदा मोहफुलांचा. मोहाडीला दुकान आणि आंबागडच्या पलीकडे, पिपरटोल्यात, हंगामापुरता खरेदीचा काटा. आजूबाजूच्या टोल्यांतले, म्हणजे वाड्यांतले, लोक फुलं वेचून, वाळवून तिथेच आणून घालत. दुसरा घेणारा जवळपास नव्हता. दरवर्षी झाडं रिकामी होईपर्यंत काटा चाले. या वर्षी त्याने निरोप फिरवला: हनुमान जयंतीला काटा बंद. कोणी विचारलं नाही कायले. शेठने सांगितलं, झालं.

जयंतीच्या दोन दिवस आधी, पहाटेच्या गारव्यात, चौघं निघाले. पुढे तुलाराम, पिपरटोल्याचा, त्याच काट्यावर फुलं घालणारा. मागे घनश्याम. त्याच्या मागे त्याची मुलगी राखी, साकोलीच्या कॉलेजातली, बाप माथ्यावर पोचतो की नाही याचा पुरावा मोबाईलमध्ये घ्यायला आलेली. शेवटी भुपेंद्र, नवे बूट घालून.

"भाऊजी, पोट बरं आहे ना?" भुपेंद्रने निघता निघताच विचारलं.

"तुझ्यापेक्षा कमी आहे," घनश्याम म्हणाला.

"मामा, वाट तुम्हीच दाखवा की," राखी म्हणाली. "तुम्ही तर जाऊन आलेले."

भुपेंद्रने आधी डावीकडे हात केला, मग उजवीकडे. तुलाराम सरळ चालत राहिला.

पायथ्याशी मोहाची झाडं होती. तिथली जमीन काळी दिसत होती, आणि काळ्यावर रात्रभर गळलेली फिक्कट पिवळी फुलं मोत्यांसारखी उठून दिसत होती. मोह वेचणाऱ्यांची ही जुनी रीत. झाडाखाली पाचोळा असला की फूल हुडकत बसावं लागतं. पाचोळा जाळून टाकला की परडी झटकन भरते. त्यासाठी आधी झाडाभोवती झाडून पट्टा मोकळा करायचा, मग पेटवायचं, आणि हातात हिरवी डहाळी घेऊन आग मरेपर्यंत उभं राहायचं. काम सोपं, पण वेळखाऊ. एका झाडाखाली तुलारामची बायको सुंदरबाई वाकून वेचत होती. कडेला निळ्या ताडपत्रीवर आठवड्याची फुलं वाळत पडली होती. पलीकडच्या दोन झाडांखाली धूर निघत होता.

"अजून पेटवता?" घनश्यामने विचारलं.

"दोन दिवसांत सगळीच झाडं वेचा लागन जी," सुंदरबाई मान वर न करता म्हणाली. "तुमचा काटा बंद होऊन राहिला ना."

घनश्यामने मान हलवली आणि पुढे चालू लागला. त्या वाक्याचं वजन त्याने तेव्हा केलं नाही.

सूर्य वर आला तसा डोंगर तापू लागला. साग उघडेबोडके उभे होते. पायाखाली त्यांची मोठमोठी पानं पापडासारखी मोडत होती. चौघांच्या चालण्याचा आवाज एखाद्या वरातीएवढा होत होता. वारा नव्हता. पाण्याच्या बाटल्या अर्ध्यावर आल्या, आणि भुपेंद्रने आपल्यातल्या पाण्याने तोंड धुतलं. तुलाराम दर वळणावर थांबे आणि मागे पाहत राही.

"मागं काय पाहून राहिला गा?" घनश्यामने विचारलं.

"काही नाही जी. सुंदरी एकटीच आहे तठी."

"मग?"

तुलाराम दोन पावलं पुढे चालला. मग म्हणाला, "पट्टा झाडला नव्हता. वेळच नव्हता."

घनश्याम काही बोलणार तोच खाली बांबूच्या बेटात काहीतरी धडपडलं. तुलारामने हात आडवा केला. सगळे जागच्या जागी थिजले. बेटातून अस्वल बाहेर आलं! पाठीवर पिल्लू. ते चौघांच्या इतक्या जवळून गेलं की त्याच्या केसांतली माती दिसली. त्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिरक्या चालीने डोंगर कापत पलीकडच्या घळीत उतरलं आणि दिसेनासं झालं.

"वाचलो," भुपेंद्र म्हणाला.

तुलारामचा चेहरा मात्र उतरला होता. पिल्लू असलेली अस्वलीण माणसाला पाहून अंगावर येते, हे पिपरटोल्यातलं शेंबडं पोरही सांगतं. ही आली नाही. तिच्या मागे माणसापेक्षा मोठं काहीतरी लागलं होतं.

मग वानरं गेली. झाडावरून नाही, जमिनीवरून, आवाज न करता. मग रान एकदम रिकामं झालं. एक पाखरू बोलेना. राखीच्या बाहीवर काहीतरी अलगद येऊन बसलं. तिने पाहिलं. पान होतं, काळं, पुरतं जळलेलं, पण शिरन् शिर शाबूत. तिने बोट लावताच त्याची राख झाली.

आणि वारा सुटला.

धूर आधी दिसला नाही, वास आला; मोहाचा गोड वास, पण कढईत करपल्यासारखा. मग खालचं सगळं रान दुधाळ झालं. त्या दुधात लाल रेघ होती. रेघ हलत होती. डोंगराला तिने डावीकडून आणि उजवीकडून असे दोन हात घातले होते, आणि ते हात वर येत होते.

"वर चला!" भुपेंद्र ओरडला. "खडकावर! दगड काही पेटत नाही!"

तुलारामनेही वरच बोट केलं. त्याला खाली पाहवतच नव्हतं.

घनश्यामने वर पाहिलं. झाडी संपत होती आणि पुढे उघडा माथा होता. माथ्यावर तो होता. नगारखडक! लांबट, काळा, दोन धोंड्यांवर टेकलेला, सांगितला तसा. एका दमाची चाल. दगड उचलायचा, एक ठोका मारायचा. यादीतली ओळ पुरी, आणि साळ्याची दिवाळी कायमची बंद. पाय आपोआप दोन पावलं वर गेले.

मग त्याने खडकाच्या भोवती पाहिलं. माथाभर कुसळी गवत होतं. छातीएवढं. वाळून पांढरं पडलेलं. खडक त्यात बेटासारखा उभा होता, आणि वारा खालून वर वाहत होता. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. दगड पेटणार नव्हता, हे भुपेंद्रचं खरं. दगडावरचा माणूस भाजून निघणार होता.

घनश्यामने मुलीकडे पाहिलं. तिने मोबाईल खिशात घातला होता.

"खाली," तो म्हणाला.

"भाऊजी, डोकं फिरलं काय? खाली आग आहे!"

"आगीच्या खाली काय आहे? सकाळी पाहिलं ना. काळी जमीन आहे. जळालेलं परत जळत नाही. आग पातळ असन तठून पार व्हायचं."

"मंग खडक?" भुपेंद्रने विचारलं.

"राहू दे खडक."

हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघायला किती जड गेले, ते त्यालाच ठाऊक. तुलाराम तोवर सावरला होता. "नाल्यातून," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तठी गोटे आहेत, पाला कमी."

ते घसरत, पडत, हात सोलत कोरड्या नाल्यात उतरले. धूर दाटला. डोळे जळू लागले. राखीने ओढणी दातांनी फाडली, तिचे चार तुकडे केले. उरलेलं पाणी त्यावर ओतलं. तोंडं बांधली. पुढे नाला वळत होता, आणि वळणावर आग उभी होती.

गुडघ्याएवढी. फार नाही. पण तिच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. काळी जमीन, की आणखी आग?

"माझ्या मागं या," घनश्याम म्हणाला. त्याने राखीचं मनगट धरलं.

धावले! गोट्यांवरून पाय निसटत होते. डावीकडे बांबू फुटला, बंदुकीसारखा. उष्णता भिंतीसारखी अंगावर आली. एक पाऊल. दुसरं. श्वास नाही! अंगावरचे केस करपल्याचा वास. मागे भुपेंद्र पडला. तुलारामने त्याला कॉलरला धरून ओढला. आणखी एक उडी! पायाखाली गरम, मऊ, काळं. राख. राखच राख. आणि वर सागाच्या काळ्या पडलेल्या फांद्या.

ते राखेत बसून राहिले. त्यांनी ओलांडलेली आग त्यांच्याकडे पाठ करून वर चढत गेली. मग माथ्यावरचं गवत पेटलं. एकाच हुंकाराने पेटलं. ज्वाळा खडकाहून उंच गेल्या. वरून एक खोल आवाज आला. तो खडकाचा होता की बांबूंचा, कळलं नाही. भुपेंद्रच्या नव्या बुटांचे तळवे वितळले होते. तो माथ्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने हळूच घनश्यामच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तुलाराम उठून धावत सुटला होता. "सुंदरे! व सुंदरे!"

सुंदरबाई पायथ्याशी सापडली, टोल्यातल्या बायकांच्या घोळक्यात. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून त्यांनी आग घरांकडे येऊ दिली नव्हती. जीव वाचला होता. हात मात्र तिने पुढे धरले होते, जणू कोणी त्यावर काही ठेवणार आहे. आग फुलांपर्यंत आली तेव्हा ती ताडपत्री ओढायला गेली होती. प्लास्टिक वितळलं आणि तळव्यांना चिकटलं. त्यावर कोणीतरी ओलं फडकं टाकलं होतं. फुलं गेली होती. मोहाची झाडं उभी होती, पण शेंड्यापर्यंत तपकिरी. उरलेल्या कळ्या फांदीवरच शिजल्या होत्या.

घनश्याम तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला बोलता येत होतं ते धंद्याचंच, तेच बोलला.

"काटा बंद नाही होत, बाई. पाणी पडेपर्यंत चालू ठेवतो."

सुंदरबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादं माप नीट पाहावं तसं.

"ठेवा जी," ती म्हणाली. "पण घालाले आणू काय आता?"

तिला गाडीत घालून भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायची तयारी चालू असताना वनरक्षक आला. त्याने झाडांकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं, आणि कोणी लावली म्हणून विचारलं. तुलारामने लगेच स्वतःचं नाव सांगितलं. बायकोचं नाव निघू नये म्हणून असेल.

"साहेब," घनश्याम पुढे झाला. "घाई मी लावली. काटा बंद करायची तारीख माझी. वर्षावर्षाची रीत मोडली मी, फिराले जायचं होतं म्हणून. माझं बी नाव लिहा."

वनरक्षकाने लिहिणं थांबवलं. घनश्यामच्या करपलेल्या भुवयांकडे थोडा वेळ पाहिलं.

"शेठजी, तारीख देणं गुन्ह्यात बसत नाही. काडी कोणी ओढली तेवढंच लिहिता येतं."

"मग ते चूक आहे," राखी म्हणाली.

"असन," तो म्हणाला, आणि त्याने पान उलटलं.

कोकणात कोणी गेलं नाही. वाढदिवस मोहाडीतच झाला. रुखमिणीने औक्षण केलं, भुपेंद्र आला, जेवला, आणि त्याने सहलीचं नावही काढलं नाही. म्हणजे घनश्यामला जे मिळायचं होतं ते खडक न वाजवताच मिळालं. एरव्ही त्याने असा सौदा दुकानभर सांगितला असता. त्या दिवशी त्याने पुरणपोळी अर्धी ठेवली, गाडी काढली आणि दवाखान्यात जाऊन बसला. सुंदरबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते. तुलाराम चौकशीला गेला होता, म्हणून तिला भरवायला कोणी नव्हतं. घनश्यामने डबा उघडला. तिने बराच वेळ तोंड उघडलं नाही. मग उघडलं.

तर हिशोब असा. घनश्यामची पन्नास वर्षं पुरी झाली, आणि धडधाकट झाली. मुलगी वाचली, साळा वाचला. तारीख त्याची होती, हौस त्याची होती, आणि त्याच्याकडून गेल्या त्या दोन भुवया. त्या पावसाळ्यापर्यंत परत आल्या. तुलारामचं नाव कागदावर गेलं. मोहाच्या झाडांचा त्या वर्षीचा बहर गेला. बाकीचं सगळं सुंदरबाईने भरलं, दोन्ही हातांनी.