आली का व बाई?

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

माझी सख्खी मावशी, दुर्गेश्वरी. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत एकटी राहते. मुलगा उमेंद्र पुण्यात, कंपनीत.

मागच्या मार्चमधली गोष्ट. बुधवार. दुपारचे दोन.

मावशीच्या पापण्या इतक्या खाली उतरल्या होत्या, की समोरचं माणूस दिसेना. म्हणून आदल्याच दिवशी दोन्ही पापण्यांचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलेलं, दोन दिवस पट्ट्या काढायच्या नाहीत, वरून बर्फानं शेकत राहायचं.

उमेंद्रला सुटी मिळाली नाही. मी गोंदियातच असतो, पण मीही गेलो नाही. काम आहे म्हणालो. खोटं कशाला बोलू, कंटाळा केला.

शेजारची जमुनाबाई म्हणाली होती, "दोन वाजता येईन न मी शेकून द्याले. तू निस्ती पडून राय."

म्हणून मावशीनं दार नुसतं लोटलं आणि चाचपडत खाटेवर पडली. मन भरून आलं होतं. पण रडायचीही सोय नव्हती, टाके भिजले असते.

वर बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं घरघरत होती.

अचानक घरघर थांबली.

पंखाही थांबला. लाईट गेली असेल...

मग... खाटेची दोरी करकरली.

उशाशी कुणीतरी बसलं होतं.

"आली का व बाई?" मावशीनं विचारलं.



"बोलत काऊन नाही? रागावली का?"

लुगड्याची सळसळ झाली. डोळ्यात कचरा गेला की बायका पदराचा बोळा करतात, त्यात फुंकर मारतात आणि तो ऊबदार बोळा डोळ्यावर ठेवतात. तसाच फुंकरीचा आवाज आला.

"अव, गरम नको! डाक्टर रागावते!"

बोळा पट्टीवर टेकला...

बर्फासारखा गार होता.

ठणका जागीच थांबला. मावशीला इतकं बरं वाटलं, की ती बोलतच सुटली. उमेंद्र दोन मिनिटांत फोन ठेवतो. एकटीसाठी सणाला पुरण कोण घालणार? सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "रोज येत जा व बाई. मले कोणी नाही."

आणि तिला झोप लागली.

पाच वाजता दार धडधडलं.

"कडी कायले लावली व? कवाची हाका देऊन राहिली मी!" जमुनाबाई होती. "देवरीले गेली होती, वापस यायले बसच नाही भेटली. कोणी शेकून देल्लं का नाही तुले?"

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कडी तिनं लावलीच नव्हती.

जमुनाबाईला ती बाई म्हणते. पण आमच्याकडे थोरल्या बहिणीलाही बाईच म्हणतात. मावशीची थोरली बहीण म्हणजे माझी आई.

तिला जाऊन सहा वर्षं झाली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा सूज नावाला नव्हती. उमेंद्र तिला न्यायला आला, तर मावशीनं साफ सांगितलं, "मी कायले येऊ पुण्याले? मी आता एकटी नाही."

मला यातलं काही पटलं नव्हतं. गेल्या रविवारी मुद्दाम दुपारी दोनला गेलो. आतून कडी. मावशी कुणाशी तरी बोलत होती. मध्येच थांबायची... आणि कुणाचं तरी ऐकल्यासारखी हसायची.

मी पळायला हवं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "माय?"

आतलं बोलणं बंद झालं.

कडी हलली... एकदाच.

मावशी शपथेवर सांगते, ती खाटेवरून उठलीच नाही.

दार उघडलं नाही. मी उन्हात तासभर उभा होतो. लोक विचारतात, भीती नाही वाटली का रे? वाटली ना. अजून झोप लागत नाही. पण माझी माय दारापर्यंत आली आणि मला न भेटताच माघारी फिरली, हे मी कोणाला सांगू?