टाळीचं गाणं

टप्प...

नळाचा एक थेंब बादलीत पडला, आणि मघापासून बाथरूममध्ये श्वास रोखून असलेले तिघंही फिसकन हसले.

"मी नाही काही! नळानं केलं!" स्टुलावर बसलेली ठकू ओरडली.

"नळालाही कोरसमध्ये घ्यायचं का, मॅडम?" हेडफोन गळ्यात ओढत रेकॉर्डिंग करायला आलेला तो म्हणाला.

"घे की. माझ्यापेक्षा सुरात आहे." ठकूच्या आईनं बादलीत जुना टॉवेल टाकला, म्हणजे पुढचा थेंब तरी मुकाट्यानं पडेल. हसू मात्र ओठांवरून जाता जाईना. घरात इतकं हसणं फार दिवसांत झालं नव्हतं. ठकूचे बाबा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या संसारात रमल्याला आता तीन वर्षं होत आली होती.

सतरा वर्षांची असताना ठकूची आई 'बुलबुल' होती. केसांत गुलाबी रिबीन, वह्यांच्या कव्हरांवर फोटो, रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानातून तिचाच आवाज! मग नवी पोरं आली, नव्या रिबिनी आल्या. आता ती दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटा द्यायची. आ वासून बसलेल्या पेशंटांपैकी एकानंही तिला कधी ओळखलं नव्हतं... ओळखलं असतं तरी बोलणार कसे म्हणा!

आणि गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. बुलबुलची सगळी गाजलेली गाणी एकत्र काढायची होती. एकाच गाण्याची अडचण होती. टेपच्या ज्या पट्टीवर टाळ्या रेकॉर्ड केल्या होत्या, तेवढी पट्टी बुरशीनं खाल्ली होती. 'आमचा माणूस येईल, घरीच टाळ्या वाजवून द्या. जमलं तर ठीक, नाहीतर ते गाणं गाळू आणि दुसरं घालू.'

गाळू! बाकीची गाणी कंपनीची होती. चाल त्यांची, रिबीन त्यांची, हसूसुद्धा त्यांनीच शिकवलेलं. हे एकच तिचं होतं. ढोलकवाला जेवायला गेला तो आलाच नाही, म्हणून स्टुडिओच्या जिन्यात उभं राहून टाळ्या वाजवलेलं गाणं. ती आणि तिथला एक मदतनीस मुलगा, दोघांनीच.

दार उघडलं तर कंपनीचा माणूस म्हणून तोच उभा! कानाजवळ पांढरे झालेले केस, पण गळ्यात वायरींचं भेंडोळं तस्संच.

"वायर?" तिच्या तोंडून निसटलं.

"सतरा वर्षांनी या नावानं हाक मारली कुणीतरी," तो म्हणाला. "आता लोक सर म्हणतात. काही मजा नाही त्यात."

आल्या आल्या त्यानं प्रत्येक खोलीत जाऊन एकेक टाळी वाजवली. स्वयंपाकघरात, पॅसेजमध्ये, ठकूच्या पलंगाखाली वाकूनसुद्धा. ठकू मागे मागे, कमरेवर हात ठेवून. शेवटी बाथरूममध्ये वाजवली, आणि फरशांवरून ती टाळी अशी काही घुमून आली की ठकूच्या आईच्या अंगावर काटा आला. जिना! अगदी तोच जिना.

तर आता टॉवेलच्या दांडीवरून माइक लोंबत होता, वॉशिंग मशीनवर रेकॉर्डिंगचं यंत्र होतं, आणि अर्धी सकाळ झाली तरी गाणं जमत नव्हतं.

"परत," तो म्हणाला.

हेडफोनमध्ये तिचाच सतरा वर्षांचा आवाज सुरू झाला. कोवळा, आगाऊ, कसलीच काळजी नसलेला. दोघांनी टाळ्या दिल्या. त्याचे डोळे यंत्रावरच्या हिरव्या रेषांवर. टाळी, टाळी, टाळी... एकही चुकली नाही.

ऐकलं. तिनं हेडफोन काढून हातात धरला.

"बोल ना."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणूनच... नाहीये."

त्यानं मान हलवली. त्यालाही कळलं होतं. त्या गाण्यात दर चौथी टाळी केसभर उशिरा पडायची. पोरं गल्लीगल्लीत तशीच वाजवायची, मोठमोठ्या वादकांना ती जमली नव्हती. लोकांना वाटायचं, काय भन्नाट कल्पना आहे संगीतकाराची!

"उशीर तू करायचास," ती म्हणाली. "कर ना मग."

"टाळी मुद्दाम उशिरा दिली की मुद्दाम वाटते. परवा स्टुडिओत दिवसभर तेच करत होतो."

"तेव्हा बरी जमायची?"

"तेव्हा जमायची नाही, मॅडम. तेव्हा..." तो वायरीची गाठ सोडवायला लागला. वायरीला गाठ नव्हतीच. "तेव्हा चुकायची."

"का?"

तो नसलेली गाठ सोडवतच राहिला. तिला मात्र तो जिना दिसत होता. जिन्यातला पिवळा दिवा, त्याच्या निळ्या शर्टाची कोपरापर्यंत दुमडलेली बाही, अंगठ्यावरची शाई, वरच्या ओठावर नुकती फुटलेली लव... गाण्याच्या दौऱ्यावरून परत आल्यावर पहिल्यांदा ती त्याच जिन्यात धावली होती. तो नोकरी सोडून गेला होता.

"न सांगता गेलास," ती हळूच म्हणाली.

"सांगायला आलो होतो. तुझ्याभोवती चौदा माणसं होती. कुणी छत्री धरलेलं, कुणी आरसा. जिना चढायला जागाच नव्हती." तो हसला, पण हसू अर्ध्यात राहिलं. "म्हटलं, राहू दे. बुलबुलला काय करायचीय वायर?"

"बसायला," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. मग इतक्या जोरात हसला की शेजारच्यांचा कुत्रा भुंकला, आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. काय बोलून गेलो आपण हे!

"काका, हसताय काय? सांगा ना, का चुकायची?" ठकूनं विषय सोडला नव्हता.

त्यानं एक लांब श्वास घेतला. यंत्र उचललं आणि त्याची पाठ आपल्याकडे करून ठेवलं. आता हिरव्या रेषा दिसणार नव्हत्या. बघायला समोर एकच होतं... ओली बाही सावरत उभी असलेली, चौतिशीची, नखांना कणीक लागलेली ठकूची आई.

"कारण तेव्हा समोर यंत्र नव्हतं, ठकूबाई," तो म्हणाला. नजर मात्र ठकूकडे नव्हती. "तुझी आई होती. तिच्याकडे बघता बघता चौथी टाळी यायची कधी आणि जायची कधी, कळायचंच नाही."

ठकूच्या आईनं हेडफोन परत कानांवर चढवला.

"परत घेऊ या?" तिनं विचारलं.

गाणं सुरू झालं. टाळी. टाळी. टाळी...

आणि चौथी पडली. केसभर उशिरा.

तिनं डोळे मिटून घेतले. पुढची ओळ, पुन्हा तीच चूक. मग पुन्हा. गाणं संपेपर्यंत तो एकदाही वेळेवर आला नाही.

संपल्यावर दोघं तशीच उभी, तळहात लालबुंद. वायरी गुंडाळायचं कुणाला सुचत नव्हतं. गाणं आता गाळलं जाणार नव्हतं. पण माइक काढला की तो जाणार, आणि 'थांब' म्हणायला तिच्याकडे आता काहीच निमित्त उरलं नव्हतं.

ठकू मात्र स्टुलावर गालाला हात लावून कसला तरी हिशेब करत होती. काका आईकडे बघायचे, म्हणून काका चुकायचे. हे तिला पटलं होतं. एकच गोष्ट राहिली होती.

"आई," तिनं विचारलं, "आणि तेव्हा तू कुणाकडे बघत होतीस?"