सात शनिवारांची फाईल

सुई काढल्यावर कापूस दोन मिनिटं दाबून धरा, असं मी सगळ्यांना सांगते. बहुतेक जण अर्ध्या मिनिटात सोडतात. रुद्रेशने तो अकरा मिनिटं धरला होता.

"अजून धरलाय?" नळीवर नाव लिहिता लिहिता मी विचारलं.

"तुमी सोड म्हणून सांगूक नाय, मॅडम."

केरीच्या फेरीबोटीवर दोर सांभाळणारा हा माणूस डिचोलीच्या आमच्या प्रयोगशाळेत आला, तो एका रक्तदान शिबिरामुळे. तिथे त्याचा गट 'ओ' ठरला, पण पुढच्या तपासणीत ते रक्त 'ओ'सारखं वागेना. नेहमीच्या चाचण्यांचं एकमत होत नसलं, की मी डीएनएचं सिक्वेन्सिंग करते, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचते.

पुढच्या खेपेला मी त्याला उत्तर सांगितलं. एक हजार अठ्ठ्याण्णव अक्षरांचं एक जनुक. आईकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर बदललेलं, वडिलांकडून आलेल्या प्रतीतही तेच. गट अतिशय दुर्मीळ. कधी रक्त लागलंच, तर याच गटाचं लागणार.

"म्हणजे माझ्या पोरांकय ह्योच त्रास?" मग तो हसला. "रवांदे. मी लगीनच करूचंय नाय."

"ते आईवर अवलंबून आहे."

"कोणाच्या आईर?"

"मुलांच्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ. "तुमचा गट खंयचो, मॅडम?"

"पुढच्या शनिवारी बहिणीला घेऊन या," मी म्हटलं, आणि उगाच नळ्या मोजल्या.

तुलनेसाठी प्रत्येक वेळी मी माझा स्वतःचा नमुनाही लावते. त्यामुळे उत्तर मला माहीत होतं. पण फाईल उघडी असताना, त्या टेबलापलीकडून, असलं काही बोलणं मला पटेना. आधी फाईल बंद करायची, मग बोलायचं — असं मी ठरवलं.

फाईल काही बंद होईना.

पहिल्या शनिवारी त्याची बहीण सिद्धी आली. तिचा गट तंतोतंत तोच निघाला! त्या दोघांना एकमेकांचा आधार झाला. खरं तर काम तिथेच संपलं होतं. पण पुढच्या शनिवारी पार्शाहून चुलतभाऊ आला. मग आरोंद्याची आते. मग मामा, मग मामाचा मुलगा... दर वेळी सोबत पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव. आता पुरे, असं मी म्हणू शकत होते. म्हटलं नाही. 'अभ्यासास उपयुक्त,' असं मात्र प्रत्येक वेळी लिहिलं.

सातव्या शनिवारी त्याने वहिनीला आणलं. चंद्रावतीवहिनीने हात पुढे केला आणि मला विचारलं, "बाय गो, मी लग्न करून ह्यांच्या घरात इलंय. माझा रगत ह्यांच्या कामाचा कसा?"

मी रुद्रेशकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

"सकाळपासून तीनदा केस विंचरल्यान," वहिनी म्हणाली. "सुई माका, आणि नटता ह्यो!"

मी सुई खाली ठेवली. फाईल ओढली, 'तपास पूर्ण' लिहिलं आणि सही केली.

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... शेनवार संपले?"

"या फाईलचे संपले."

उंडे रिक्षात विसरले, असं सांगून वहिनी बाहेर गेली. उंड्यांची पिशवी टेबलावरच होती.

"तुम्ही माझा गट विचारला होता," मी म्हटलं. "बी पॉझिटिव्ह. आणि त्या जनुकाच्या माझ्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. मुलांना तुमच्याकडून एक बदललेली मिळेल, माझ्याकडून एक चांगली. एक चांगली असली की पुरते. त्यांना काही त्रास नाही."

"कोणाच्या पोरांक?" त्याने अगदी हळू विचारलं.

"आपल्या," मी म्हटलं. "मला तुमच्याशी लग्न करायचंय, रुद्रेश. सात शनिवार झाले ठरवून."